वाईला अडकलेला प्रकाश

बागवान सरांच्या प्रयोगशाळेच्या दारात मी पहिल्या दिवशी उभी राहिले, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या डोक्यातल्या नऊ पिना काढून घेतल्या. दाराबाहेर एका लाकडी स्टुलावर आंब्याची बांबूची टोपली ठेवलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "लोखंड इथे. घड्याळ, किल्ल्या, पिना, काय असेल ते."

मी यवतमाळची. आमच्याकडे शंका आली की ती पोटात ठेवत नाहीत. "पिनांनी काय होते, सर?" मी विचारलं.

"काही होत नाही हे सिद्ध करा, मग खुशाल घालून या. तोवर टोपली."

पिना काढल्यावर केस तोंडावर आले. लेझरच्या टेबलाजवळ मोकळे केस चालत नाहीत, हे त्यांनाच आठवलं असावं. त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला, फळांच्या पेटीला बांधतात तसली. पुढची सहा वर्षं मी त्या खोलीत सुतळीने केस बांधून वावरले. घरी फोटो पाठवला तेव्हा आईने फोन करून विचारलं, पुण्यात रबरं मिळत नाहीत का?

सर स्वतःही याच नियमाने राहायचे. चष्म्याची काडी प्लॅस्टिकची, पायांत रबरी सपाता आणि पँटला पट्ट्याऐवजी चक्क नाडी. मंडईजवळच्या एका शिंप्याकडून ते तशा पँटी शिवून घेत. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा, पांढरा, त्यामुळे वरून शास्त्रज्ञ आणि खालून लेंगा अशी ती मूर्ती होती. संस्थेत नवीन आलेले लोक त्यांच्याकडे वळून बघत. सरांना त्याचं काही नसे.

त्यांच्या घरचा मंडईत फळांचा गाळा होता. पणजोबांपासूनचा. सर तेवढे शिकून भौतिकशास्त्रात आले. गाळा आता त्यांचा पुतण्या सलीम चालवायचा, पण सर रोज सकाळी तासभर तिथे जाऊन पेरू, सीताफळं, जे काय हंगामाचं असेल ते लावून देत आणि मग स्कूटरवरून संस्थेत येत. खोलीत शिरले की आधी फळांचा वास यायचा. बोलणं मात्र अस्सल शहरातलं, एकेक शब्द तोलून. सगळ्या विद्यार्थ्यांना "अहो" आणि आडनाव. मी सहा वर्षं "अहो वानखडे" होते. माझं पहिलं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

आमचं काम प्रकाश साठवायचं. हे सांगितलं की लोक बॅटरीबद्दल विचारतात, म्हणून नीट सांगते. एका काचेच्या पेटीतली सगळी हवा काढून टाकायची आणि आत रुबिडियम नावाच्या धातूचे थोडेसे अणू सोडायचे. सहा बाजूंनी लेझरचे किरण मारून त्या अणूंना इतकं थंड करायचं की ते जवळपास जागच्या जागी थबकतात आणि बोराएवढा एक ढग तयार होतो. थंड करायला लेझर कसा, असं कुणी विचारलं की सर म्हणत, "दिवाळीच्या आदल्या दिवशी मंडईत या. सहा बाजूंनी रेटा बसला की माणूस आपोआप उभा राहतो."

या ढगात प्रकाशाचा एक छोटा ठोका पाठवायचा. दुसरा एक किरण त्याच्या सोबतीला असतो. तो अचानक बंद केला की ठोका ढगातच विरतो आणि जाताना आपला निरोप अणूंपाशी ठेवतो. थोड्या वेळाने सोबतीचा किरण परत लावला की अणू तो निरोप परत करतात, आणि प्रकाश होता तसा पलीकडून बाहेर पडतो. पुढेमागे फार लांबवर नाजूक निरोप पाठवायचे झाले तर वाटेत असे थांबे लागतील, त्यासाठी जगभर हा खटाटोप चाललाय. अडचण एवढीच की तोवर सगळ्या अणूंनी एका तालात राहायला हवं. आसपास लोखंड असलं, चुंबकत्वाचा जरा फरक पडला, की ढगाच्या एका टोकाचे अणू पुढे जातात, दुसऱ्या टोकाचे मागे राहतात आणि निरोप पुसला जातो.

"नाशिवंत माल आहे," सर म्हणत. "आमच्या घराण्याला नाशिवंत मालाची सवय आहे, म्हणून हा विषय घेतला."

किती वेळ टिकला, हे सांगायची आमची एक पद्धत होती, ती जगात दुसरीकडे कुठे नसेल. मायक्रोसेकंद वगैरे वहीत. फळ्यावर मात्र गावांची नावं. प्रकाशाला आपण जेवढा वेळ थोपवला, तेवढ्या वेळात तो पुण्याहून दक्षिणेला सरळ निघाला असता तर कुठवर पोचला असता, ते गाव लिहायचं. फळ्यावर सरांनी खडूने एक उभी रेघ काढली होती आणि तिच्यावर वाई, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव अशी गावं मांडली होती. बेळगाव म्हणजे एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. आम्हाला बेळगाव गाठायचं होतं.

आमचा प्रकाश वाईच्या पुढे जात नव्हता. मी आले त्या वर्षी वाई, पुढच्या वर्षी वाई, लेझर नवे घेतले तरी वाई. वर्कशॉपचे पवारमामा दारातून डोकावून विचारायचे, "काय मॅडम, गाडी अजून वाईतच हाय का?" मला त्यांचा राग यायचा आणि वाईचाही यायला लागला होता. त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं, तरी.

सरांना मात्र राग येत नसे. आनंदही होत नसे. कोणतीही आकृती दाखवली की ते "बरं. मग?" म्हणत. दुसऱ्या वर्षी मला एकदा सातारा मिळालं होतं. मी धावत कागद घेऊन गेले. त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "हे पिकलंय की दाबलंय?"

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. गाळ्यावर येणारा प्रत्येक जण पेरू अंगठ्याने दाबून पाहतो. दहा जणांनी दाबला की कच्चा पेरूही मऊ लागतो. घरी नेल्यावर कळतं. मी सोयीची मोजमापं तेवढी ठेवली होती आणि गैरसोयीची गाळली होती, हे त्यांनी न विचारता ओळखलं. कागद परत देताना म्हणाले, "वाईला परत जा. तिथली हवा चांगली आहे."

लोखंडाच्या बाबतीत ते कुणाचाही मुलाहिजा ठेवत नसत. माझ्या पाचव्या वर्षी तपासणी समिती आली, तिचे अध्यक्ष फार मोठे गृहस्थ होते. सरांनी टोपली पुढे केली. अध्यक्षांनी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या.

"पट्टा," सर म्हणाले.

"अहो, पट्टा चामड्याचा आहे."

"बक्कल चामड्याचं नसावं."

अध्यक्षांनी एका हाताने पँट धरून आमचा ढग पाहिला. उरलेले सभासद भिंतीकडे बघत होते. जाताना पट्टा घालता घालता अध्यक्ष इतकंच बोलले, "डॉक्टर बागवान, पुढच्या नोव्हेंबरअखेर आपण निवृत्त होताय. त्याच्या आत मिलिसेकंद दिसला तर ही खोली चालू राहील. नाहीतर इथे संगणक बसवायचे आहेत, जागेची फार टंचाई आहे."

झालं. म्हणजे सरांचं आयुष्यभराचं काम खोक्यांत भरलं जाणार आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कधीच लिहिलं जाणार नाही. मी सरांना म्हटलं, "सर, पट्टा राहू द्यायचा होता." ते म्हणाले, "वानखडे, पट्टा राहिला असता तर मिलिसेकंद राहिला नसता." तो तसाही नव्हता, हे मी बोलले नाही.

आता त्या वजनाबद्दल सांगायला हवं.

टेबलाच्या खालच्या फळीवर, काचेच्या पेटीच्या बरोबर खाली, पाण्याच्या दोन नळ्या जात. चुंबकत्व जुळवायला पेटीभोवती बसवलेली तारांची वेटोळी तापतात, त्यांना गार ठेवायला. पाणी वाहताना नळ्या थरथरत, म्हणून त्यांच्यावर एक जड वस्तू ठेवलेली होती. ती वस्तू म्हणजे पाच किलोचं जुनं वजन. काळं, षटकोनी, वर धरायला कडी, तळाला सरकारी ठशांची रांग. ते सरांच्या अब्बांचं होतं. गाळ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा भाऊ ते भंगारात देत होता, ते सरांनी उचलून आणलं. आल्या आल्या वाकून ते दोन बोटांनी त्या वजनाला स्पर्श करायचे आणि मग दिवे लावायचे. हे त्यांच्या नकळत व्हायचं.

तुम्हाला वाटेल, पिना काढून घेणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? मला तरी कुठे दिसलं? रोज त्याच्याशेजारी गुडघे टेकून मी नळ्या तपासत होते. ते वजन आमच्या लेखी लोखंड नव्हतंच. ते सरांचे अब्बा होते.

दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पवारमामा येत. नवमीला वर्कशॉपमधली सगळी हत्यारं, लेथ, ड्रिल झाडूनपुसून मांडायची, पूजा करायची आणि दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या मांडणीत मामांना सरांचं वजन हवं असे.

"सर, नेतो. उद्या नवमी हाय."

"न्या. झेंडू जरा बरा आणा, गेल्या वर्षी वाळका होता."

मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, सर, तुम्ही काऊन देता? तेव्हा त्यांनी सांगितलं की मंडईत दसऱ्याला सगळ्या गाळ्यांवर तराजूला माळ लागते. त्यांच्या आजोबांना वाटलं, शेजारी सगळे नटलेले आणि आपलाच काटा बोडका, हे काही बरं दिसत नाही. तेव्हापासून बागवानांच्या काट्यालाही माळ. "आता काटा नाही माझ्याकडे, वजन आहे. तेवढं नटू दे," सर म्हणाले.

मामा मग आमच्या खोलीतही येत, हळदकुंकवाची वाटी घेऊन. सर त्यांना आरशांच्या आसपास फिरकू देत नसत. "पायाला लावा," ते टेबलाचा पाय दाखवून म्हणत. कुंकू लागलं की प्रयोगशाळा दोन दिवस बंद. सर हा नियम मामांपेक्षा कडक पाळत.

शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात नवमी आली. निवृत्तीला जेमतेम सहा आठवडे उरले होते. मला कर्वेनगरच्या खोलीवर बसवेना. सकाळी अकराला मी संस्थेत गेले. वर्कशॉपमध्ये पूजा आटोपून सगळे प्रसाद खात होते. मी मागच्या जिन्याने वर गेले, टेबलाच्या पायावरच्या कुंकवाला नमस्कार केला आणि यंत्र चालू केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा सरांचा नियम मोडला होता.

नळ्या थरथरायला लागल्या. वजन खाली पूजेत. मी माझ्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतींचा गठ्ठा नळ्यांवर ठेवला. तोवर त्याचा दुसरा काही उपयोग झाला नव्हता.

वाईला प्रकाश परत आला, ठणठणीत. मला वाटलं माझी काहीतरी चूक झाली. साताऱ्याला आला. कराडला आला. कोल्हापूरला आला तेव्हा मी उभी राहिले. निपाणीला जरा मंदावला, पण आला. बेळगावला एक लहानसा उंचवटा पडद्यावर उमटला, आणि शंभरदा मोजला तरी तो तिथेच होता. मी तिथल्या तिथे जमिनीवर बसले आणि सुतळी सोडून पुन्हा बांधली. दुसरं काय करावं सुचेना.

दसऱ्यानंतर सर आले तेव्हा मी आकृती पुढे ठेवली आणि नियम मोडल्याचंही सांगितलं. त्यांनी कागद उजेडात धरला. "पिकलंय की दाबलंय?"

"पिकलंय, सर. आईशप्पथ."

"मग आत्ता दाखवा."

आत्ता वाई. पुन्हा वाई. दुपारपर्यंत वाई. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "सर, नवमीच्या आकृतीवर लेख लिहून टाकू. झालं होतं ना एकदा? खोली वाचेल."

सर काही रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "वानखडे, जे का झालं ते कळलं नाही, ते आपलं नाही. नवमीला या खोलीत आणि आजूबाजूला काय काय वेगळं होतं, त्याची यादी करा. एकेक करून तपासू."

मी अकरा गोष्टी लिहिल्या. खालचं लेथ बंद होतं. लिफ्ट बंद होती. वर्कशॉपचा पंखा, अमकं, तमकं. तीन दिवस आम्ही तेच केलं. लेथ बंद करवलं, वाई. लिफ्ट थांबवली, सगळी संस्था जिने चढली, वाई. मामा म्हणाले, "मी सांगू का, कुंकवाचा गुण हाय." सर म्हणाले, "लावा. तेही तपासू." मामांनी ताजं कुंकू लावलं, झेंडू वाहिला. वाई. "तुमचा काही दोष नाही, पवार," सर म्हणाले आणि यादीतली ती ओळ खोडली.

मला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. नळ्या तपासायला वाकले, तर समोर ते वजन. रोज वेटोळ्यांतून वीज जायची, बंद व्हायची, त्यांच्याखाली बसून बसून त्या लोखंडात चुंबकत्व मुरलेलं असणार. खोलीतलं सरासरी चुंबकत्व आम्ही शून्य केलं होतं, पण वजन फक्त खालच्या बाजूला. ढगाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरं. इतकं सरळ होतं ते. मी कपाळाला हात लावून बसले आणि यादीत ते लिहिलं नाही.

कसं लिहिणार? निवृत्तीला महिना राहिलेल्या माणसाला सांगायचं, की ज्याला रोज हात लावून तुम्ही दिवस सुरू केलात, त्यानेच तुमची सगळी वर्षं खाल्ली? मी मामांना गाठलं. "मामा, ते वजन हरवता येईल का? एखादी वीट ठेवू त्याच्या जागी."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "सरांच्या बापाचं वजन हाय ते. मी नाय हरवणार. तुमी बी नाय."

चौथ्या दिवशी सकाळी सर यादी हातात घेऊन उभे होते. अकराच्या अकरा ओळी खोडलेल्या. "वानखडे," ते म्हणाले, "नवमीला या खोलीत नसलेली एक वस्तू तुम्ही लिहिली नाहीत."

मी मान खाली घातली.

"विसरलात की लाजलात?"

"सर..."

"बरं." ते गुडघ्यावर बसले. वजन दोन्ही हातांनी उचललं, दाराबाहेर नेलं आणि टोपलीत ठेवलं. माझ्या पिना खाली कुठेतरी दबल्या. मी नळ्यांवर प्रबंधाचा गठ्ठा ठेवला. "चालवा," ते म्हणाले.

बेळगाव.

त्यांनी वजन आत आणलं. वाई. बाहेर नेलं. बेळगाव. साठीचा माणूस, पाच किलोचं लोखंड घेऊन तीनदा आत-बाहेर फिरला आणि मला हात लावू दिला नाही. तिसऱ्यांदा ते टोपलीत ठेवल्यावर दारातच उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती.

"अब्बांनी या वजनाने जन्मात कुणाला कमी माप दिलं नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला सहा वर्षं दिलं."

आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ते रडताहेत, मी धावत पुढे गेले, तर ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. टोपलीकडे बोट दाखवून म्हणाले, "अध्यक्षांचा पट्टा काढून घेतला हो मी!" तेव्हा मीही हसले. सहा वर्षांचं छातीवरचं काहीतरी उतरलं, मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. मामा धावत वर आले. आम्हा दोघांना तसं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. ते गुपचूप खाली जाऊन चहा घेऊन आले.

त्या दिवशी वहीत 'दोष' या रकान्यात सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: बागवान. मी म्हटलं, वजन लिहा. ते म्हणाले, वजन स्वतःहून चालत आलं नव्हतं.

नोव्हेंबरात समिती आली. अध्यक्ष यंदा झब्बा-लेंगा घालून आले होते. सरांनी निकालाच्या आधी वजनाची गोष्ट सांगितली, एक शब्द न लपवता. मी मनात म्हणत होते, सर, आधी बेळगाव दाखवा हो. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, मग पडद्यावरचा उंचवटा पाहिला, मग पुन्हा पुन्हा मोजायला लावला. शेवटी म्हणाले, "संगणकांना दुसरी जागा बघू." जाता जाता ते टोपलीपाशी थांबले आणि वजनाची कडी धरून ते जरासं उचलून पाहिलं.

शेवटच्या दिवशी सर निघाले तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि ती एका बाजूला ओढत होती. टोपली त्यांनी तिथेच ठेवली. म्हणाले, "अडवायला कुणीतरी लागेल. आता तुम्ही अडवा." मी अडवते. परवाच एका नव्या मुलीच्या हातावर सुतळी ठेवली, तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं.

सर गेल्यावरच्या मे महिन्यात माझा प्रबंध मान्य झाला होता. खोली माझ्याकडेच राहिली, पण त्याआधी वर्षभर परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जायचं होतं. निघायच्या आधी मंडईत गेले. गाळ्यावर सलीम होता आणि मागे सर, गवतात आंबे लावत. अंगात तोच पांढरा शर्ट, आता पट्ट्याची पँट.

"अहो वानखडे. कुठवर?"

"सर, धारवाड!" मी म्हणाले. महिनाभर मी हे सांगायला जपून ठेवलं होतं.

"बरं. मग?" त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "धारवाडला गेलात आणि पेढ्यांशिवाय आलात?"

सलीम आंबे इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायला लागला, तर सरांनी त्याला थांबवलं. गाळ्याच्या आढ्याला जुना तराजू टांगलेला होता, दसऱ्याला माळ घालण्यापुरता ठेवलेला. त्यांनी त्याच्यावरची धूळ पुसली आणि एका पारड्यात ते काळं वजन ठेवलं. दुसऱ्या पारड्यात एकेक आंबा ठेवत गेले, प्रत्येक फळ हुंगून, कुठलंही न दाबता. "हे परवा खा. हे त्याच्यानंतर," असं मध्ये मध्ये सांगत होते. काटा मधोमध आला. दोन्ही पारडी समान झाली.

सरांनी आणखी एक आंबा ठेवला. मग आणखी एक. माझ्या बाजूचं पारडं खाली गेलं, वजन वर उचललं गेलं, तरी ते ठेवतच होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि सलीम काकांकडे बघत होता.

"सर, पुरे की. झाले पाच किलो."

"गप्प बसा, वानखडे," ते म्हणाले आणि पुढचा आंबा हुंगला. "सहा वर्षांचं राहिलंय."